जावईबापूंचा उजवा पाय

माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर हिरव्या पानाचं स्टिकर आहे. त्याखाली ‘वसुंधरा वाचवा’ असं लिहिलंय. सोसायटीत पर्यावरण दिनाला फुकट वाटत होते, पण चिकटवलं मी स्वतः, आत एकही बुडबुडा राहू न देता. त्यामुळे सिग्नलला माझ्या मागे उभ्या राहणाऱ्या दुचाकीवाल्यांना माझ्याच गाडीचा धूर खात तो संदेश निवांत वाचता येतो.

माझे सासरे, म्हणजे मामा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. साताऱ्याच्या डेपोत एकतीस वर्षं काढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी हे स्टिकर पहिल्यांदा पाहिलं. एका डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या डोळ्यानं त्यांनी ते सावकाश वाचलं, मग हातातल्या काठीनं मागच्या टायरवर दोन टोले दिले आणि कान देऊन ऐकलं.

“वंदे,” ते माझ्या बायकोला म्हणाले, “जावईबापूंना सांग, टायर गणपतीपासनं उपाशी दिसतोय.”

मी तिथून तीन फुटांवर उभा होतो.

इथे थोडा खुलासा हवा. आमच्या सासुरवाडीला जावयाला तोंडावर काही बोलत नाहीत. जावई जेवताना मिठाऐवजी साखर घ्यायला लागला, तरी त्याचा हात धरायचा नाही. त्याच्या चुका मुलीमार्फत कळवायच्या, किंवा ‘आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता’ अशी सुरुवात करून त्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घालायच्या. या हिशेबानं मी गाडी चालवताना आजवर केलेली प्रत्येक चूक सातारा डेपोत कुणी ना कुणी आधी करून ठेवलेली आहे. मामांचं ऐकत राहिलं की वाटतं, त्या डेपोतून एसटी वेळेवर सुटत होती हाच मोठा चमत्कार.

टायर खरंच उपाशी निघाला. पंपावर मोजलं तर तेहतीसच्या जागी सव्वीस भरलं. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो, इंजिनाला तो ओढावा लागतो, आणि पेट्रोल एक-दीड टक्क्यानं वाढतं. टक्का काही मोठा नाही. पण मामांना टक्क्यांत रस नव्हताच. त्यांचा हिशेब केपीटीएलचा. म्हणजे दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर पळाली. आपण कौतुकानं ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो तेच हे, फक्त एसटीतलं अ‍ॅव्हरेज खाजगी नसतं. तिथे ते ड्रायव्हरच्या नावापुढे फळ्यावर लागायचं. मामांचा आकडा पन्नासच्या खाली कधी गेला नाही, हे आमच्या लग्नाच्या बोलणीतच मला कळलं होतं. पत्रिकेच्याही आधी.

“आणि तुमची किती देती?” त्यांनी तेव्हा विचारलं होतं. मी गाडीविषयी सांगितलं. त्यांना बहुधा पगाराविषयी विचारायचं होतं.

मामा आठ दिवस आमच्याकडे होते. डोळ्यात थेंब घालायचे आणि गॅलरीत बसायचं. आमच्या गॅलरीतून पार्किंग दिसतं, हे घर घेताना मला फार सोयीचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो, गाडी सुरू केली, ती गरम व्हायला पाच मिनिटं सोडली आणि राहिलेला चष्मा आणायला वर आलो. ही माझ्या वडिलांची शिकवण. त्यांच्याकडे जुनी मारुती आठशे होती, कार्बुरेटरवाली. थंडीत तिला चोक ओढून, रेस देऊन, दोन आर्जवाचे शब्द बोलून उठवावं लागायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीला हे काही लागत नाही. सुरू करावी, अर्धं मिनिट थांबावं आणि हळूच निघावं. चालता चालताच ती लवकर तापते. पण वडिलांची गाडी गेली, सवय वारसाहक्कानं माझ्याकडे राहिली.

“आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता,” गॅलरीतून आवाज आला. “गाडी चालू ठिवून च्या प्यायला जायचा.”

“मग?” वंदनानं विचारलं.

“मग काय? गाडी डिझेल प्यायची, ह्यो च्या प्यायचा. दोघंबी जाग्यावर.”

मी चष्मा न घेताच खाली गेलो.

पण खरी नाचक्की कोथिंबिरीच्या दिवशी झाली. संध्याकाळी पोह्यांना कोथिंबीर नव्हती. भाजीवाली चौकात बसते, घरापासून एक किलोमीटरवर. मी गाडी काढली, जुडी आणली आणि टेबलावर ठेवली. मामांनी जुडी हातात घेऊन तोलल्यासारखी केली, काही न बोलता परत ठेवली आणि खाली पार्किंगकडे पाहिलं. मला त्या रात्री झोप येईना. मोबाईल काढून हिशेब करत बसलो, आणि तो हिशेब अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जाळलं की सुमारे दोन किलो तीनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो होतात कसे? तर पेट्रोलमधला एकेक कार्बन बाहेर पडताना हवेतले दोन-दोन ऑक्सिजन काखेत मारतो. निमंत्रण एकाला आणि पंगतीला तिघं, असा तो प्रकार. माझी गाडी लिटरला पंधरा देते. म्हणजे किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या वर वायू. चौकात जाऊन येऊन दोन किलोमीटर, म्हणजे तीनशे ग्रॅम. जुडी भरली असेल दोनशे ग्रॅम, आणि तिच्यातही निम्म्या काड्या.

थोडक्यात, मी कोथिंबिरीपेक्षा जड धूर घेऊन घरी आलो होतो. तोही थंड इंजिनाचा. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, आणि धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचं जे महागडं भांडं गाडीखाली बसवलेलं असतं, ते चांगलं तापल्याशिवाय कामाला लागत नाही. ते तापेपर्यंत मी भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस करून परतीच्या वाटेला लागलेलो असतो. म्हणजे गाडीनं सगळ्यात घाण धूर कधी सोडायचा, तर घर ते चौक. लांबच्या प्रवासात ती त्या मानानं सोवळ्यात असते.

दुसऱ्या दिवशी कढीपत्ता संपला. मी चालत गेलो. मामांनी गॅलरीतून पाहिलं आणि वंदनाला म्हणाले, “जावईबापूंची गाडी बिघडली का?”

आठ दिवसांनी त्यांना साताऱ्याला सोडायला निघालो. निघण्याआधी पिशवी ठेवायला डिकी उघडली, आणि ती उघडायला नको होती. आत मुलाचा क्रिकेटचा संच, विकायची म्हणून तीन महिने फिरत असलेली रद्दी, पाण्याचा भरलेला वीस लिटरचा कॅन, गेल्या वर्षीच्या गणपतीच्या सजावटीतला लाकडी देव्हारा आणि तांदळाचं पोतं. पंचेचाळीस किलो वजन जास्त घेतलं की अ‍ॅव्हरेज साधारण एक टक्क्यानं खाली येतं. माझ्या डिकीत दोन टक्क्यांचा संसार होता.

“मुक्कामाची गाडी दिसत्या,” मामा एवढंच म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. वंदना मागे. त्यामुळे आता माझ्याविषयी तिला सांगायचं तर त्यांना पूर्ण मान वळवावी लागत होती. डॉक्टरांनी मानेला झटका देऊ नका असं बजावलं होतं. मला तो प्रवासातला शुभशकुन वाटला.

सिंहगड रस्त्यावरचा पहिला सिग्नल दोनशे मीटरवर लाल दिसत होता. मी नेहमीसारखा पाय दाबला, जोरात गेलो आणि रेषेवर करकचून थांबलो. मामांचा हात डॅशबोर्डवर गेला.

“वंदे,” मान न वळवता ते म्हणाले, “लाल दिव्यापाशी परसाद वाटत्यात का गं?”

मला आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न पडला. मी तिथे एवढ्या घाईनं का जातो? आधी पेट्रोल जाळून वेग कमवायचा, मग तोच वेग ब्रेकच्या तबकड्यांवर घासून त्याची निव्वळ उष्णता करून टाकायची. पगार झाल्या झाल्या चौकात उभं राहून नोटा पेटवल्यासारखं. त्यापेक्षा लाल दिवा दिसताक्षणी उजवा पाय उचलावा आणि गाडी गिअरमध्येच घरंगळू द्यावी. पोचेपर्यंत पुष्कळदा हिरवा होतो आणि थांबायची वेळच येत नाही. शहरात पेट्रोल वाचवायची एवढी मोठी युक्ती दुसरी कुठली नाही. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त शेजारून रिक्षावाला पुढे गेला तरी अपमान वाटून न घेण्याची ताकद लागते. ती माझ्यात नाही.

पुढचा सिग्नल नव्वद सेकंदांचा. दहा सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं, कारण पुन्हा सुरू करायला लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल नुसतं उभं राहण्यात जातं. दिल्लीत २०२० साली यासाठी ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ अशी मोहीमच निघाली होती. मी गाडी बंद केली. मामांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसेल अशी अपेक्षा होती.

“आम्हीबी फाटकापाशी बंद करायचो,” ते म्हणाले. “बॅटरी चांगली असंल तर. नसंल तर मग गेट उघडल्यावर प्याशिंजर खाली उतरून धक्का. त्याला काय, डिझेल लागत न्हाई.”

सिग्नलचा आकडा पाचावर आला तसे मागून हॉर्न सुरू झाले. हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजवला की दिवा लवकर बदलतो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेपुढे कुणाचं चालत नाही.

नवीन कात्रज बोगदा ओलांडला, रस्ता मोकळा झाला आणि मी शंभर गाठले. मामांनी काच खाली केली. वाऱ्यानं रद्दीतले पेपर मागे फडफडायला लागले. इथे मात्र मी त्यांना नम्रपणे सांगितलं की, शहरात हळू चालताना काच उघडी ठेवून एसी बंद करणं शहाणपणाचं, पण या वेगाला उघड्या खिडकीतून घुसणारा वारा गाडीला मागे खेचतो, त्यापेक्षा एसी परवडतो. मामांनी विचार केला आणि काच वर घेतली. त्या अख्ख्या प्रवासात मी जिंकलेला हा एकुलता एक मुद्दा. तो मी अजून लोकांना सांगतो.

विजय फार टिकला नाही.

“शंभरनं जाऊन कवा पोचायचं?” त्यांनी विचारलं. आता ते थेट माझ्याशी बोलत होते. एसटीच्या विषयात बहुधा जावयाला सूट असावी. मी तोंडी हिशेब केला. साठ किलोमीटरचा मोकळा रस्ता ऐंशीनं गेलं तर पंचेचाळीस मिनिटं, शंभरनं गेलं तर छत्तीस. नऊ मिनिटं वाचतात.

“आणि त्या नऊ मिनिटांत काय करणार?”

खरं उत्तर असं होतं की, शिरवळला मिसळीसाठी टेबल रिकामं व्हायची वाट बघत पंधरा मिनिटं उभा राहणार. ते मी दिलं नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ऐंशीपेक्षा शंभरला तो दीडपटीच्याही वर जातो, आणि तो फोडण्याचं बिल पेट्रोलमध्ये येतं. पीसीआरए ही सरकारी संस्था १९७८ पासून कानीकपाळी ओरडते आहे की ४५ ते ५५ हा वेग इंधनासाठी सर्वांत चांगला. महामार्गावर पन्नासनं गेलो तर मागचे ट्रकवाले माझं श्राद्ध घालतील, म्हणून मी ऐंशीवर तडजोड केली. गाडीचा आवाज कमी झाला. वंदना म्हणाली, “अरे, गाणी लागली होती होय?”

खंबाटकीचा घाट चढलो. वर पोचल्यावर पुढे वाईच्या बाजूचा लांबलचक उतार दिसला आणि माझ्यातला काटकसरी माणूस जागा झाला. मामांना दाखवायची ही वेळ. मी हळूच गाडी न्यूट्रल केली. फुकटात जाणार होतो मी. गाडी आपल्या आपण धावायला लागली, साठ, पासष्ट, सत्तर...

“ए! गिअर टाक!”

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. त्या चौदा वर्षांत मामांनी मला ‘ए’ म्हटल्याची ही पहिली वेळ. मी गिअर टाकला. मागच्या सीटवर वंदनाचा श्वास अडकला होता. तो उतारामुळे की ‘ए’मुळे, हे अजून ठरलेलं नाही.

सुरूरच्या फाट्यावर चहाला थांबलो. मामा बराच वेळ बशीकडे बघत होते. मग म्हणाले, “माफ करा जावईबापू. पर घाटात ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. न्यूट्रल गाडी म्हंजे दावं सुटलेला बैल. निसत्या ब्रेकवर धरली तर ब्रेक तापून मरत्यात.”

“पण पेट्रोल वाचतं ना?” मी विचारलं.

हे उत्तर मला नंतर मेकॅनिकनं दिलं, आणि ते ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. कार्बुरेटरच्या काळात या समजुतीत थोडाफार अर्थ असेलही. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की चाकंच इंजिन फिरवतात, आणि संगणक पेट्रोल चक्क बंद करतो. थेंबही जात नाही. न्यूट्रल केली की मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी त्याला पुन्हा पेट्रोल पाजावं लागतं. म्हणजे इतकी वर्षं मी प्रत्येक घाटात जीव धोक्यात घालून जास्तीचं पेट्रोल जाळत होतो. असा दुहेरी तोटा सरकारी योजनेतसुद्धा सहसा साधत नाही.

चहा संपता संपता समोरून एक लालपरी गेली. मागून काळा धूर. मला बरं वाटलं. म्हटलं, आता आपली बाजू मांडावी.

“मामा, बघा किती धूर. आमची लिटरला पंधरा तरी देते. ही जेमतेम पाच.”

“व्हय,” मामा म्हणाले. “पर तिच्यात सीटा चवेचाळीस. पाची चवेचाळीस दोनशे वीस. तुमच्यात आपण तिघं. पंधरा त्रिक पंचेचाळीस. आणि हापिसला तुम्ही एकटंच जाता न्हवं?”

मी चहाचे पैसे दिले.

साताऱ्यात पोचलो तेव्हा स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज १४.९ होतं. मामांनी ते पट्टी नसलेल्या डोळ्यानं वाचलं आणि कुणाचंच नाव न घेता घरात गेले.

दुसऱ्या दिवशी परत निघताना सासूबाईंनी ताकाची स्टीलची किटली आणून वंदनाच्या पायाशी ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली. झाकण दुसऱ्याच कुठल्या भांड्याचं होतं, नुसतं वर टेकलेलं. मी म्हटलं, सांडेल. मामा दारात उभे होते. म्हणाले, “आमच्या वाई गाडीला एक म्हातारी चढायची बाजारच्या दिवशी. जागा मिळायची न्हाई, उभीच. हातात ताकाचं गाडगं. मी ब्रेक मारला की ताक पुढच्याच्या धोतरावर, आणि म्हातारीच्या शिव्या पार कंडक्टरपतुर. तिच्या भ्यानं मी गाडी हाकायला शिकलो. डिझेल आपोआप वाचाय लागलं. डेपोवाल्यांनी माझा सत्कार केला. खरा म्हातारीचा कराय पायजे होता.”

मी त्या दिवशी जशी गाडी चालवली, तशी आधी कधी चालवली नव्हती. पाय अंड्यावर ठेवल्यासारखा. ऐंशीच्या वर गेलो नाही. पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवलं की मधे तीन गाड्या येऊन स्थिरावल्या. खंबाटकीचा बोगदा झाला, शिरवळ झालं, खेड शिवापूरचा टोलनाका झाला. किटली गप्प. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे तो कुप्रसिद्ध उतार लागतो. डिझेल वाचवायला तिथे मालमोटारी न्यूट्रल करतात, मग ब्रेक लागत नाहीत, आणि पुढे उभ्या असलेल्या गाड्यांचं काय होतं ते पुणेकरांनी पेपरात पुष्कळदा वाचलंय. माझा डावा हात सवयीनं गिअरकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून ठेवला. गाडी गिअरात, पाय वर, उतार पार.

मग सिंहगड रस्ता आला. घर दहा मिनिटांवर. पुढचा सिग्नल हिरवा होता आणि त्यावर चारचा आकडा. तीन. शेजारचा रिक्षावाला सुटला.

मी काही ठरवलं नाही. जे केलं ते उजव्या पायानं केलं. दोनवर मला कळलं की जमणार नाही, आणि मग ब्रेकही त्यानंच मारला.

रात्री मामांचा फोन आला. पोचलात का, डोळ्याचे थेंब कुठे राहिले, पोरं काय करतायत, सगळं झालं. शेवटी त्यांनी विचारलं, “ताक किती पोचलं?”

“पाऊण किटली,” वंदनानं सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ हिशेब चालला असावा.

“म्हंजे सतराच्या आतबाहेर बसलं असंल.”

मी खाली जाऊन पाहून आलो. १६.८ होतं.